वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघरातील कपाटांची दारे किती टिकतात?

प्रश्न : आम्ही स्वयंपाकघरातील कपाटे नव्याने करून घेत आहोत. दारांसाठी लॅमिनेट, मेम्ब्रेन (पीव्हीसीची पातळ फिल्म), ॲक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि भरीव लाकूड असे पर्याय समोर आहेत आणि प्रत्येक विक्रेता आपलाच पर्याय सर्वांत टिकाऊ असल्याचे सांगतो. पुढची १५-२० वर्षे हे काम पुन्हा काढायचे नसेल, तर काय निवडावे?

उत्तर : आपण दिलेल्या यादीत लाकूड सोडले तर बाकी सारी नावे दाराच्या दर्शनी थराची आहेत. दार मात्र आतला बोर्ड, त्यावरचा दर्शनी थर आणि कडा बंद करणारी पट्टी किंवा लेप अशा तीन गोष्टींचे बनते. खराब झालेली जुनी दारे नीट पाहिली तर बहुतेक वेळा मधला पृष्ठभाग धडधाकट असतो आणि बिघाड कडेपासून सुरू झालेला दिसतो. म्हणून विक्रेत्याला रंग आणि चकाकी विचारण्याआधी कडा कशाने आणि कोणत्या गोंदाने बंद केल्या आहेत, हे विचारावे.

सिंकखालचे दार घ्या. भांडी धुताना उडालेले पाणी ओट्याच्या कडेवरून दारावर ओघळते, गुळगुळीत थरावरून सरळ खाली येते आणि खालच्या कडेला थेंब होऊन लटकते. तिथे एमडीएफ उघडा असेल, तर तो थेंब जमिनीवर पडण्याऐवजी बोर्डात शोषला जातो. आधी कडेलगत केसाएवढी रेघ दिसते, मग बोट फिरवल्यावर बारीकसा उंचवटा जाणवतो आणि काही महिन्यांत तोच भाग फुगून वरचा थर उचलू लागतो. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये मिसळून उष्णता आणि दाब देऊन केलेला बोर्ड. पाणी लागले की दाबलेले तंतू फुगतात आणि बोर्ड पुन्हा वाळला तरी मूळ जाडीवर येत नाहीत. खालची कड नजरेला पडत नाही, त्यामुळे पट्टी लावताना नेमकी तीच वगळली जाण्याचा धोका असतो. दारे बसवण्यापूर्वी प्रत्येक दार उलटे करून ती कड स्वतः पाहावी आणि बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेल्या ३५ मिलिमीटर व्यासाच्या खाचेतही सीलरचा हात दिला आहे का, तेही तपासावे.

प्लायवुड पाण्याला अधिक तोंड देते, पण तिथेही थर चिकटवणारा गोंद कोणता, यावर सारे अवलंबून असते. यूरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद उष्णता आणि ओलावा एकत्र आले की हळूहळू विघटित होतो. फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद उकळत्या पाण्यातही तग धरतो आणि मरीन प्लायवुडमध्ये तो त्याचसाठी वापरतात. मात्र प्लायवुडचे उंच दार वाकण्याची शक्यता एमडीएफच्या दारापेक्षा जास्त असते, हे विक्रेते क्वचितच सांगतात. पूर्ण उंचीच्या कपाटासाठी ओलावारोधक एमडीएफ आणि सिंकच्या आसपास चांगले प्लायवुड, अशी विभागणी मला योग्य वाटते. पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी आपले काम नीट करतो. पण त्यातील लाकडाचे कण भरड असल्याने कड तुटते, स्क्रूची पकड कमी असते आणि पाण्याने तो लवकर भुसभुशीत होतो.

आता दर्शनी थर. उच्च दाबाचे लॅमिनेट हे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले क्राफ्ट कागदाचे अनेक थर आणि वर मेलामाइन रेझिनचा नक्षीचा कागद, असे सुमारे १२० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमानाला दाबून केलेले असते. रोजची घासाघीस, गरम वाफ आणि डाग या तिन्हींना सोसणारा इतका चांगला थर या यादीत दुसरा नाही. तो बोर्डाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा लावावा, अन्यथा दोन बाजू ओलावा वेगवेगळ्या प्रमाणात घेतात आणि दार धनुष्यासारखे वाकते. पार्टिकल बोर्डवर थेट दाबलेला मेलामाइनचा एकेरी कागद दिसायला असाच असतो, पण तो बराच पातळ असल्याने धक्क्याने लवकर उडतो. खरेदीच्या वेळी या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

पीयू रंगाचे दार बिनसांध्याचे दिसते, कारण रंग कडांवरूनही सलग फिरतो, आणि हीच त्याची पाण्याविरुद्धची मोठी जमेची बाजू आहे. मात्र कोपऱ्यावर भांडे आपटले की रंगाचा टवका उडतो आणि तिथून पाणी आत शिरते. टवका उडाल्याबरोबर जागा बुजवून रंगवली तर दार वाचते, आणि बऱ्याच वर्षांनी घासून पूर्ण दार पुन्हा रंगवताही येते. पांढरा रंग हवा असल्यास तो ॲलिफॅटिक प्रकारचा आहे, याची खात्री करून घ्यावी. ॲरोमॅटिक प्रकारचा पीयू प्रकाशाने पिवळा पडतो.

कडपट्टी चिकटवण्यासाठी बहुतांश ठिकाणी ईव्हीए हा गरम करून लावायचा गोंद वापरतात. तो पुन्हा गरम झाला की मऊ होतो, त्यामुळे ओव्हन, शेगडी आणि डिशवॉशरच्या शेजारी पट्टी सुटते. पीयूआर गोंद हवेतील ओलावा घेऊन कायमचा घट्ट होतो आणि नंतर वितळत नाही. सगळ्या दारांना तो परवडत नसेल, तर निदान या जागांच्या दारांना तोच लावून घ्यावा. माझा सल्ला एका वाक्यात विचाराल, तर दोन्ही बाजूंना लॅमिनेट, आत ओलाव्याला टिकणारा बोर्ड आणि चारही कडांना १ ते २ मिलिमीटर जाडीची पीयूआरने चिकटवलेली पट्टी असे दार घ्यावे, आणि चकचकीत थराची हौस वरच्या कपाटांवर भागवावी.

प्रश्न : आमच्या मेम्ब्रेनच्या दारांना सहा वर्षे झाली. ओव्हनशेजारच्या दोन दारांची फिल्म कडेने सुटून आखडली आहे. ती पुन्हा चिकटवता येईल का, आणि बाकीचीही अशीच सुटतील का?

उत्तर : मेम्ब्रेन म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. ती गरम करून मऊ केली जाते आणि निर्वात दाबाने नक्षीकाम केलेल्या एमडीएफवर ताणून बसवली जाते. दाराचा पुढचा भाग आणि चारही कडा एकाच फिल्मने झाकल्या जात असल्याने सामान्य जागी हे दार चांगले टिकते. अडचण उष्णतेची आहे. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि एकदा ताणलेली फिल्म गरम झाली की मूळच्या मापाकडे परतू पाहते. ओव्हनच्या दारातून निघणारी गरम हवा रोज त्याच कोपऱ्यावर येत राहिली की आधी तिथला गोंद सैल होतो, फिल्म नखाच्या रुंदीएवढी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या एमडीएफवर तपकिरी मळाची रेघ बसू लागते. ओट्यावर ठेवलेल्या पाणी उकळण्याच्या किटलीची वाफ वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला हाच त्रास देते.

म्हणून बाकीची दारे अपरिहार्यपणे सुटतील, असे समजू नये. उष्णतेपासून दूर असलेली दारे अनेक वर्षे जशीच्या तशी राहू शकतात. आपल्या दोन दारांबाबत आधी फिल्म कडेपर्यंत पुरते का, हे हलक्या हाताने ओढून पाहावे. पुरत असेल आणि खालचा एमडीएफ फुगलेला नसेल, तर उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून, कंपनीने सांगितलेला वेळ वाळू देऊन, मग दाबून बसवावी. फिल्म आखडून तोकडी झाली असेल, तर ओढून चिकटवलेली कड पुन्हा सुटणार. आपण आखडल्याचे लिहिले आहे, त्यामुळे मला दुसरा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो : गरम हवेच्या गनने फिल्म सावकाश मऊ करून पूर्ण सोलून काढावी, उरलेला गोंद घासून काढावा, कडांना प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि दार रंगवून घ्यावे. सोबत ओव्हन आणि कपाट यांमध्ये उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सुटली आहे का, ते तपासावे आणि कपाटाच्या त्या बाजूच्या कडेला धातूची उष्णतारोधक पट्टी बसवावी. मूळ कारण तसेच ठेवून नवी दारे लावली, तर तीही त्याच कोपऱ्यातून जातील.

प्रश्न : आमची दारे भरीव लाकडाची आहेत. दमट दिवसांत ती एकमेकांना घासतात आणि कोरड्या दिवसांत फट पडते. रंगवलेल्या दारांच्या सांध्यांवर बारीक भेगाही दिसतात. लाकूड निकृष्ट निघाले का?

उत्तर : नाही. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे रेषांच्या आडव्या दिशेने रुंदावते व आक्रसते. रेषांच्या लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ शून्य असतो. उभी आणि आडवी पट्टी जिथे जुळते, तिथे दोन दिशांच्या हालचाली समोरासमोर येतात आणि ताठ रंगाला ती हालचाल सोसत नाही, म्हणून नेमक्या सांध्यावर केसासारखी भेग पडते. सांधा हाताला घट्ट लागत असेल, तर ती भेग केवळ रंगाची आहे. चौकटीतील मधले पॅनेलही याच कारणासाठी खाचेत गोंदाशिवाय मोकळे ठेवलेले असते. ते हलते म्हणून कुणी गोंद किंवा खिळे मारून पक्के करायला सांगितले, तर ऐकू नये, कारण जखडलेले पॅनेल कोरड्या दिवसांत मधोमध तडकते.

दमट दिवसांत घासणारे दार रंधा मारून कमी करण्याची घाई करू नये. त्या वेळी काढलेला मिलिमीटर कोरड्या ऋतूत मोठी फट होऊन समोर येतो. आधी बिजागरीच्या स्क्रूंनी दार बाजूला सरकवून पाहावे. दाराची मागची बाजू आणि वरची-खालची कड यांना पुढच्या बाजूइतकेच पॉलिश किंवा रंग आहे का, हेही पाहावे. एक बाजू उघडी असेल तर दार पिळवटते. स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवावा. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते, आणि ते कपाटांवरच बसते.

रंग न दिलेल्या लाकडाची छटा प्रकाशाने बदलते. चेरीचे लाकूड गडद होते, अक्रोडाचे फिके पडते. लाकडी दार जपण्याला मेहनत लागते, हे खरे; पण तीस वर्षांनंतर घासून पुन्हा नवे करता येईल असे दार हेच आहे, आणि म्हणून मला त्याबद्दल विशेष आदर वाटतो.

प्रश्न : चकचकीत ॲक्रिलिकच्या दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या आहेत. आम्ही काच पुसण्याचा द्रव वापरतो.

उत्तर : त्या द्रवात अल्कोहोल असण्याची दाट शक्यता आहे. अल्कोहोलने ॲक्रिलिकमधील ताण मोकळा होऊन अशा सूक्ष्म भेगा पडतात. त्या आतवर गेलेल्या असतील तर पुसून किंवा पॉलिश करून जात नाहीत. वरवरचे ओरखडे मात्र ॲक्रिलिकसाठीच्या पॉलिशने कमी होतात. यापुढे कोमट पाण्यात सौम्य साबण आणि स्वच्छ मायक्रोफायबरचे कापड एवढेच वापरावे. कोरडी धूळ कापडाने ओढू नये, आधी ओली करावी. डाग काढणारा पांढरा मेलामाइन स्पंज हा अतिशय बारीक घासकागदच असतो, तो ॲक्रिलिक आणि चकचकीत पीयू या दोहोंची चकाकी घालवतो.

प्रश्न : पार्टिकल बोर्डच्या दारांचे बिजागरीचे स्क्रू सारखे ढिले होतात. मोठे स्क्रू लावावेत का?

उत्तर : जाड स्क्रूने भोकाभोवतीचा बोर्ड आणखी चुरतो. भोकाजवळचा बोर्ड फुगलेला किंवा भुसभुशीत नसेल, तर भोक ८ मिलिमीटरपर्यंत सरळ मोठे करावे. दाराची जाडी पाहून खोली आधी ठरवावी, म्हणजे पुढचा थर फुटणार नाही. त्यात लाकडाची खुंटी गोंद लावून बसवावी, रात्रभर वाळू द्यावी आणि पृष्ठभागाला समतल कापून तिच्यात बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू लावावा. बिजागरीच्या वाटीची खाचच फाटली असेल, तर स्टीलची दुरुस्ती-पट्टी लागते. उंच किंवा जड दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी वाढवावी, म्हणजे प्रत्येक स्क्रूवरचा भार कमी होईल. बोर्ड फुगलेला असेल, तर ओलावा कुठून येतो ते शोधून बंद करावे आणि ते दार बदलावे.