'स्क्रीनटच' म्हणायचं की 'टचस्क्रीन'?

भाचीचा प्रश्न आहे, तसाच देतो. "मामा, नाशिकला आलं की घरात, दुकानात, रिक्षात सगळे 'स्क्रीनटच मोबाईल' म्हणतात. शब्द तर 'टचस्क्रीन' आहे ना, मग हे चुकून उलटं झालंय का? आणि आजोबा जुन्या फोनला 'बटणाचा मोबाईल' म्हणतात, तो शब्द कुठून आला?"

उलटं झालंय हे खरं, पण चुकून नाही झालेलं. शब्द इंग्रजी घेतले आणि जोडले मराठीच्या पद्धतीने, एवढंच. आपल्याकडे भातलावणी म्हणतात, कांदाकाढणी म्हणतात, द्राक्षछाटणी म्हणतात, म्हणजे आधी वस्तू आणि मग तिचं काय करायचं ते. लावणीभात कोणी म्हणत नाही. वाक्यातसुद्धा आपलं क्रियापद शेवटीच येतं, स्क्रीनला टच करायचं, त्यातला 'ला' आणि 'करायचं' गळून पडलं की उरतं स्क्रीनटच. हिंदी बोलणारेही सर्रास स्क्रीनटचच म्हणतात, कारण क्रियापद तिथेही शेवटीच असतं. इंग्रजीतला टचस्क्रीन हा शब्द स्क्रीनचा एक प्रकार सांगतो, स्पर्श कळणारी स्क्रीन. आपल्या माणसाला स्क्रीनचे प्रकार सांगायचेच नव्हते, त्याला फोन कसा चालवायचा ते सांगायचं होतं. ज्याच्या स्क्रीनला टच आहे असा तो मोबाईल, म्हणजे शाळेत शिकलेला बहुव्रीहीच की हा, नीळकंठ आणि चक्रपाणीच्या रांगेतला. शिवाय स्क्रीनगार्ड, स्क्रीनलॉक हे शब्द मोबाईलच्या दुकानातल्या काउंटरवर रोज कानावर पडत होते, त्यांच्यात स्क्रीन पुढेच आहे, त्याचाही हातभार लागला असणार असं मला वाटतं.

आता बटणाचा मोबाईल. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो वस्तूच्या मागून आलाय. २००३ मध्ये नोकिया ११०० आला, टॉर्चवाला, त्याचे जगभरात २५ कोटींच्या आसपास नग खपले, पण त्याला तेव्हा बटणाचा मोबाईल म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. तो नुसता मोबाईल होता, बटणं तर सगळ्यांनाच होती. दुसरा प्रकार आला तेव्हा पहिल्याला ओळखायला नाव लागलं. ब्रॉयलर आल्यावर घरची कोंबडी गावरान झाली, आकड्यांची घड्याळं आल्यावर नेहमीचं घड्याळ काट्यांचं झालं, आणि आपल्या नाशिकचंच घ्यायचं तर थॉम्पसन सीडलेस घरोघरी पोचल्यावर 'बियांची द्राक्षं' असं वेगळं सांगायची वेळ आली, नाहीतर द्राक्षाला बी असणारच होतं. बटणाचा मोबाईल तसाच. यातला 'ण' पण बघ, बटन नाही, बटण. सदऱ्याला लागलेलं बटण मराठीत कधीचं मुरलंय, तेच फोनला लागलं.

गंमत अशी की टच हा प्रकार बटणानंतर खूप वर्षांनी निघाला असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये. आयबीएमचा सायमन हा टचचा फोन अमेरिकेत १९९४ मध्ये विकायला आला, वजन जवळजवळ अर्धा किलो, आणि त्याला आकड्यांची बटणं नव्हतीच, स्क्रीनवरच आकडे यायचे. आज त्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात, पण 'स्मार्टफोन' म्हणून जाहिरात झालेला एरिक्सनचा आर ३८० आला २००० मध्ये. आपल्याकडे मात्र आधी बटणाचे फोन घरोघरी झाले आणि टच मागून आला, म्हणून आपले शब्दही त्या क्रमाने आले.

आणि सुरुवातीचा टच हा खरं तर टच नव्हताच, दाबच होता. नोकियाचा ५८०० घे, त्याची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती, म्हणजे वर एक लवचिक थर, खाली दुसरा, दाबलं की दोन्ही एकमेकांना टेकतात आणि फोनला जागा कळते. त्यामुळे नखाने चालायचं, काडीने चालायचं, पेनाच्या टोपणाने पण चालायचं. २००७ च्या आयफोनपासून जी कपॅसिटिव्ह स्क्रीन सगळीकडे पसरली तिला दाब लागतच नाही, बोटाच्या स्पर्शाने काचेवरच्या विद्युतभारात जो फरक पडतो तो ती ओळखते, म्हणून नखाने काही होत नाही आणि ओल्या हाताने ती गोंधळते.

हे मला कळलं ते अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या हातामुळे. पिंपळगावला द्राक्षाची बाग होती तेव्हा ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री हातात, अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला घट्टे पडलेले, कातडं कोरडं, जाड. एम.जी. रोडवरून मी त्यांना पहिला स्क्रीनटच आणून दिला आणि ते ओट्यावर बसून हिरव्या गोलावर बोट ठेवायचे, काहीच व्हायचं नाही, परत ठेवायचे, मग जोर लावून दाबायचे, तोवर समोरच्याचा फोन कट व्हायचा. त्यांना वाटायचं आपल्यालाच जमत नाही. जाड कोरड्या कातड्याचं बोट त्या काचेला नीट कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसतं "हळू, हळू लावा" म्हणत बसलो, त्याचं आजही वाईट वाटतं. शेवटी करंगळी वापरून बघा म्हटलं, तर करंगळीने लगेच लागला. बटणाच्या फोनवर हेच अण्णा अंधारात, न बघता नंबर लावायचे, पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो अंगठ्याला लागला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात.

म्हणून घरात तेव्हा दोन क्रियापदं झाली. बटणाच्यावर "हिरवं दाब", स्क्रीनटचवर "हिरवं सरकव". टच करणे हे सगळ्यांच्या तोंडी आहेच, पण दाबणे काही गेलं नाही, व्हिडिओवाले अजून बेल दाबा म्हणूनच सांगतात आणि ते मला बरोबर वाटतं.

'स्पर्शपटल' हा शब्द वाईट नाही, पाठ्यपुस्तकात चालेल, पण काउंटरवर कोणी म्हणेल असं वाटत नाही. 'भ्रमणध्वनी' लग्नपत्रिकेवर टिकलाय, तिथे तो छान दिसतो.

तू लिहिताना कुठला वापरायचा ते सांगतो. काचेबद्दल, त्या भागाबद्दल लिहीत असशील तर टचस्क्रीन लिही, फोनबद्दल लिहीत असशील तर स्क्रीनटच बिनधास्त लिही, एकत्र, मधे जागा न सोडता. अजून एक, रिपेअरिंगवाल्याकडे 'टच' हा आख्खा वेगळा शब्द आहे. पूर्वी बऱ्याच फोनमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले सुटे मिळायचे, तेव्हापासून "टच गेलाय का डिस्प्ले?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. चित्र दिसतंय पण बोट लागत नाही, तर टच गेला. टच पुल्लिंगी, टच फुटला, टच बदलला, नवा टच टाकला. इंग्रजीत ज्याला हात लावता येत नाही अशा स्पर्शाचं आपण दुकानात विकत मिळणारं सामान केलं.