पडद्यामागचा पांढरा उजेड

प्रश्न : ताई, घरातले सगळे झोपले की दिवे मालवून मी तासभर टीव्ही बघते. तेवढा एकच तास माझा असतो. पण हल्ली अर्ध्या तासातच डोळे जड होतात, भुवयांच्या वर ठणकायला लागतं. टीव्हीच्या मागे एलईडीची पट्टी लावली की हा त्रास कमी होतो असं कळलं. खरंच फरक पडतो का? आणि पट्टी रंगीत घ्यावी की पांढरी?

उत्तर : पडतो, आणि तुमच्यासारख्या अंधारात बघणाऱ्यांना तर नक्कीच. मी चित्रपटांचं कलर ग्रेडिंग करते, म्हणजे चित्रीकरण झाल्यावर दृश्यांचे रंग आणि उजेड जुळवते. दिवसाचे दहा-दहा तास अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघणं हेच माझं काम, आणि मॉनिटरच्या मागचा दिवा न लावता मी खुर्चीवर बसत नाही.

त्रास कुठून येतो ते आधी सांगते. डोळ्याची बाहुली उजेडात आकसून साधारण २ मिलिमीटर होते आणि अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत फाकते. खोलीत काळोख, मधोमध झगझगीत चौकोन, आणि त्यातही रात्रीचं दृश्य संपून एकदम भर उन्हातलं सुरू होतं. बाहुली फाकते, आकसते, पुन्हा फाकते. शिवाय उजळ पडद्याला लागूनच गडद काळोख असला की तोच पडदा डोळ्यांना जास्त खुपतो. मागची भिंत मंद उजळली की हा दोन टोकांमधला फरक कमी होतो आणि दृश्य बदललं तरी डोळ्याला निदान एक गोष्ट स्थिर मिळते.

चित्रही सुधारतं. भोवती काळोख असला की तेच चित्र फिकं वाटतं आणि भोवती थोडा उजेड असला की उठावदार वाटतं, हे बार्टलसन आणि ब्रेनमन या संशोधकांनी १९६७ साली मांडलं. तुमच्या टीव्हीचा काळा रंग अंधारात राखाडी दिसत असेल, तर पट्टी लावल्यावर तो काळा वाटू लागेल. टीव्हीत काहीच बदललेलं नसेल.

आता रंग. पांढरीच घ्या, ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळट की निळसर ते सांगणारं माप). टीव्ही आणि मॉनिटरवरचा पांढरा रंग ज्या प्रमाणावर बेतलेला असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा उजेड हा. नुसतं ‘कूल व्हाइट’ लिहिलेलं असेल तर केल्विनचा आकडा शोधा, आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९०च्या वर आहे का तेही बघा. लाल-हिरवा-निळा मिसळून ‘पांढरा’ करणाऱ्या पट्टीचा पांढरा बहुतेकदा निळ्याकडे नाहीतर गुलाबीकडे झुकतो.

मी हे एवढं ठासून सांगते आहे, कारण उमेदवारीच्या काळात मला त्याची किंमत मोजावी लागली. मॉनिटरमागचा दिवा गेला होता, म्हणून मी घरचा पिवळा टेबललॅम्प भिंतीकडे वळवून ठेवला आणि रात्रभर एक लघुपट केला. भोवतीच्या पिवळेपणाला डोळे सरावले, त्यामुळे पडद्यावरचे चेहरे मला निळसर दिसायला लागले. मी त्यांच्यात ऊब भरत गेले. सकाळी दुसऱ्या खोलीत लावलं तर प्रत्येक माणूस काविळीचा रोगी. दिग्दर्शक समोर उभा होता आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं. तुम्हाला ग्रेडिंग करायचं नाही, पण निळी-जांभळी पट्टी लावली तर तुम्हीही बिघडलेलंच चित्र बघाल.

पडद्यातल्या रंगांबरोबर बदलणारे दिवेही मिळतात. फिलिप्सने २००४ मध्ये अ‍ॅम्बिलाइट आणल्यापासून ती कल्पना लोकांना आवडली आहे. सणासुदीला, खेळ बघताना मजा येते, मी नाकारत नाही. मात्र डोळ्यांना आधार हवाय तो न हलणाऱ्या उजेडाचा, आणि हे दिवे प्रत्येक दृश्यासरशी हलतात.

उजेड किती? पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र ठेवलं तर भिंत त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी उजळ असावी. दहावा हिस्सा म्हणजे मिणमिणता, असं समजू नका. डोळ्याला तो मधल्या राखाडीपेक्षा जरासाच गडद दिसतो. लक्ष पडद्यावरून भिंतीकडे जायला लागलं तर उजेड जास्त झाला. म्हणून मंद करता येणारी पट्टी घ्या, पण आधी मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरून बघा. कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, आपल्याला जाणवत नाही इतकंच. डोळे दुखू नयेत म्हणून लावायच्या दिव्यात हे चालणार नाही.

पट्टी टीव्हीच्या पाठीला, कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत चिकटवा. बसल्या जागेवरून एकही दिवा थेट दिसता कामा नये. टीव्ही भिंतीला अगदी टेकलेला असेल तर उजेड पसरत नाही, नुसते ठिपके उमटतात. दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. टीव्हीच्या यूएसबीवर चालवायची असेल तर साधा जुना पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. पट्टी त्याहून जास्त ओढत असेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लावा.

प्रश्न : मी दिवसभर मॉनिटरसमोर काम करतो. मागे पट्टी लावली, तरी संध्याकाळी डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. पट्टी चुकीची घेतली का?

उत्तर : पट्टीचा दोष नाही, हे दुखणंच वेगळं आहे. एकाग्र होऊन पडद्याकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास, पडद्यासमोर बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहूनही कमी. डोळ्यावरचा ओलावा सुकतो. मागचा उजेड तिथे काय करणार? दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघा आणि तेव्हा मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली ठेवा, पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. त्यानेही भागलं नाही, किंवा धूसर, दुहेरी दिसायला लागलं, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॉनिटरच्या मागे खिडकी आहे. तिलाही मागचाच उजेड समजू नका. दुपारी ती पडद्यापेक्षा कितीतरी पट उजळ असते. टेबल फिरवा, खिडकी बाजूला येऊ द्या.

प्रश्न : भिंत गडद केशरी आहे, घर भाड्याचं. मग पट्टी लावूच नये?

उत्तर : लावा. फक्त केशरी भिंतीवरून उजेडही केशरी होऊन येतो, म्हणून टीव्हीच्या मागे, चारी बाजूंनी वीतभर बाहेर येईल इतकं पांढरं किंवा फिकं राखाडी सुती कापड ताणून बसवा. तकतकीत कापड नको, त्यात दिवे चमकतात.