भाड्याने दिलेल्या फ्लॅटची किंमत कर्जापेक्षा कमी झालीये, यातून बाहेर कसं पडायचं?

तुम्ही लिहिलंय की कर्ज ३४ लाख बाकी आहे, एजंट २९ च्या वर बोलत नाही, हप्ता ३१ हजार, भाडं ९ हजार, आणि हप्ते थांबवून चावी बँकेला देऊन टाकली तर सुटका होईल का. आधी हे शेवटचंच सांगते, नाही होणार, आणि प्लीज तसं करू नका. अमेरिकेत काही राज्यांत काही कर्जांना तसं चालतं, आपल्याकडे कर्ज माणसाच्या मागे येतं. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरतात, मग सरफेसी, म्हणजे बँकेला तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, लिलाव, आणि लिलावात जे कमी पडेल ते तुमच्याच डोक्यावर, मिसेस को-अ‍ॅप्लिकंट असतील तर त्यांच्याही. बँकेनं तडजोड करून थोडं सोडलं तरी सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' लागतं, पुढे मुलांच्या एज्युकेशन लोनला तेच आडवं येतं.

आम्ही यातून गेलोय म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय. नेरळला वन बीएचके होता, २०१४ चं बुकिंग. २०२० मध्ये मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्यांना काही महिन्यांची सवलत घेतली, त्या महिन्यांचं व्याज कर्जात जमा झालं, मग मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो रेट (रिझर्व्ह बँकेचा दर, ज्यावर आपलं व्याज ठरतं) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, आम्हाला वाटलं बरं झालं, हप्ता तर वाढला नाही! स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं की वर्षभर भरून मुद्दल जेमतेम हललंय. त्या रात्री ह्यांना झोप नव्हती.

आता तुमचा हिशोब. व्याज साडेआठ टक्के धरलं तर ३४ लाखांवर महिन्याला साधारण २४ हजार नुसतं व्याज. भाड्यातून मेंटेनन्स वजा जाता ७ हजार उरत असतील, म्हणजे महिन्याला १७ हजार पाण्यात, वर्षाला २ लाख. तुमचा खड्डा (३४ वजा २९) ५ लाखांचा आहे, म्हणजे अडीच वर्षं फ्लॅट सांभाळलात आणि भाव हलला नाही तर तेवढेच पैसे तसेही गेले. म्हणून मी तर म्हणेन, खड्डा खिशातून भरा आणि विका.

बॅलन्स ट्रान्सफरच्या, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याच्या नादी लागू नका, नवी बँक आजच्या किमतीवर कर्ज देणार, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के, ते २६ लाखच होतात. त्यापेक्षा आहे त्याच बँकेत थोडी फी भरून रेट कमी करून घ्या, विकेपर्यंत तेवढाच दिलासा. व्याज फ्लोटिंग (बदलतं) असेल तर मधे जास्तीचं मुद्दल भरायला दंड लागत नाही.

विकताना गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशीच सांगा की कर्ज आहे, लपवलं की माणूस बिथरतो. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) आणि जमा कागदपत्रांची यादी घ्या, गिऱ्हाईकाची बँक डीडी थेट तुमच्या बँकेच्या नावानं काढते, वरचे ५ लाख तुम्हाला तयार ठेवावे लागतात. आमचे ४ लाख होते, मी मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गहाण ठेवलं आणि पावणेदोन वर्षांत सोडवलं. पर्सनल लोनपेक्षा व्याज बरंच कमी पडलं.

एक गोष्ट सौद्याच्या आधी बघाच, रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला त्या भागातला दर. तुमचा भाव त्याच्या खाली असेल तर गिऱ्हाईकाला स्टॅम्प ड्युटी तरी रेकनरवर भरावी लागते, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला की इन्कम टॅक्स दोघांच्याही बाबतीत तोच दर धरतो, आमचा पहिला सौदा यावरच मोडला. शिवाय विक्रीतला तोटा रिटर्न वेळेत भरलं तर ८ वर्षं पुढे नेता येतो, फ्लॅट तुमच्याकडे दोन वर्षांपेक्षा जास्त असेल तर तो फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो. आणि पगाराला नवी टॅक्स रेजीम घेतली असेल तर भाड्याच्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त) पगारातून वजा होत नाही, जुनीत २ लाखांपर्यंत होतो, ते सीएला विचारून वरच्या हिशोबात धरा.

भाडेकरूचा ११ महिन्यांचा करार कधी संपतोय? रिकामा फ्लॅट दाखवायला सोपा जातो, आणि डिपॉझिट परत द्यायचंय ते त्या ५ लाखांत धरलंय का तेवढं बघून घ्या.