थायलंड-व्हिएतनामला गाडी चालवायची तर भारतीय लायसन्स पुरतं का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकहून थायलंडला आणि तिथून व्हिएतनामला जाताय, दोन्हीकडे स्कूटर आणि थायलंडमध्ये एक-दोन दिवस कारही भाड्याने घ्यायचीय, तर आपलं लायसन्सचं कार्ड चालेल का? थायलंडसाठी आंतरराष्ट्रीय परमिट, म्हणजे आयडीपी, काढूनच जा. व्हिएतनाममध्ये मात्र आपलं आयडीपीसुद्धा चालत नाही.

भारतात मिळतं ते आयडीपी 1949 च्या जिनिव्हा करारानुसारचं असतं. थायलंड आणि जपान ते मानतात. व्हिएतनामला 1968 च्या व्हिएन्ना करारानुसारचं लागतं आणि ते आपल्याकडे निघतच नाही. तिथले स्कूटरवाले कागद न बघता चावी देतात, म्हणून लोकांना वाटतं सगळं चालतं. अपघात झाला की पोलीस लायसन्स मागतात आणि प्रवास विमा कंपनी क्लेम नाकारते. तिथे ड्रायव्हरसकट गाडी किंवा ग्रॅब (ओला-उबरसारखी ॲपवरची टॅक्सी) घ्या.

आता अर्जाचं. सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या कामांची सरकारी वेबसाइट) महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, सेवांच्या यादीत आयडीपी आहे. फॉर्म 4ए आणि पासपोर्ट जोडायचा. व्हिसा आणि डॉक्टरचं फॉर्म 1ए प्रमाणपत्र जोडायची अट 2021 मध्ये नियमातून काढली. फी 1000 रुपये, वर थोडा सर्व्हिस चार्ज. पेठ रोडच्या आरटीओत जाताना मूळ कागद जवळ ठेवा. लायसन्स जुनं पुस्तकवालं असेल आणि सारथीवर दिसतच नसेल, तर आधी ती नोंद करून घ्यावी लागते. काम अडतं ते बहुतेक इथेच.

अर्जाआधी कार्डावरचे वाहनप्रकार वाचा. फक्त एलएमव्ही (कारसारखी हलकी वाहनं) असेल तर आयडीपीवर कारचा 'बी' वर्ग मिळेल, मोटरसायकलचा 'ए' नाही. थायलंडमधल्या फुकेतची 125 सीसी स्कूटर 'ए' मध्येच मोडते. वर्ग वाढवायला लर्निंग काढा, 30 दिवस थांबा, मग टेस्ट. म्हणजे दीड-दोन महिने हाताशी हवेत.

दुसरी अडचण नावाची. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या आडनावाने आणि लायसन्स माहेरच्या, हे आपल्याकडे सर्रास असतं. भाड्याच्या काउंटरवर पासपोर्ट, लायसन्स आणि क्रेडिट कार्ड तिन्हींवरचं नाव ताडून बघतात. आधी लायसन्सवरचं नाव बदला, मग आयडीपी काढा, नाहीतर 1000 रुपये पुन्हा जातील.

आयडीपी एक वर्षाचं असतं, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढ्यापुरतंच. वर्ष आयडीपी मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सहा महिने आधी घाई नको. सोबत मूळ प्लास्टिक कार्ड हवंच. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं मोबाइलवरचं लायसन्स तिथे कोणी विचारात घेत नाही. इंटरनेटवर तीन-दहा वर्षांचं 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्या साइट्सना पैसे देऊ नका, त्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

कारसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डिपॉझिट त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. दोघे आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांचं आयडीपी काढा आणि दुसऱ्याचं नाव करारात लिहून घ्या. स्कूटरवाला पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर रोख डिपॉझिट द्या, पासपोर्ट देऊ नका.