सोलापुरात पेट्रोल स्वस्त कुठे मिळतं? बॉर्डरपलीकडे कर्नाटकात जाऊन टाकी भरणं परवडतं का?

नाही परवडत. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "इथले पंपवाले मापात मारतातच", त्यावर आधी बोलतो. विजापूर रोडच्या एका पंपावर मी बरीच वर्षं नोझल धरलंय.

संध्याकाळच्या गर्दीत आमचे दाजी स्कूटर ढकलत आले. पार कोरडी झालेली. "फुल कर" म्हणाले. गळ्यापर्यंत भरली, मशीनवर आकडा साडेपाच लिटरच्या वर गेला. दाजींनी डिकीतून गाडीचं पुस्तक काढलं. टाकी 5.3 लिटरची. "टाकीपेक्षा जास्त पेट्रोल बसलंच कसं?" मागच्या रांगेतूनही आवाज सुरू झाले, सगळे चोर हायत म्हणून.

मी आतून पाच लिटरचं माप आणलं. निमुळत्या मानेचं, मानेवर खुणा, वैधमापनचा म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का. आधी ते पेट्रोलनं ओलं करून निथळू दिलं, कोरड्या मापात आकडा कमी दिसतो. मग मशीनवर 5 लिटर लावून सगळ्यांसमोर सोडलं. 5 लिटरला 25 मिली इकडंतिकडं कायद्यानं चालतं, आमचं बरोबर रेघेवर आलं. पुस्तकातला आकडा वरची मोकळी जागा सोडून असतो. उन्हानं पेट्रोल फुगतं म्हणून ती ठेवलेली असते. गळ्यापर्यंत भरलं की तीही भरते, हे मी समजावून सांगितलं. दाजी काय म्हणाले? "माप पण तुमचंच की!"

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय निघतो, आणि दाजी मुद्दाम भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या धूळखेडला जाऊन टाकी भरतात.

आता त्याचा हिशोब बघा. पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून तिकडं स्वस्त. पण 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकानं कर वाढवला आणि लिटरमागं 3 रुपये वाढले, त्यामुळे फरक आणखी कमी झाला. तरी लिटरला 3 रुपये वाचतात असं धरू. पाच लिटरला 15 रुपये. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या वर, म्हणजे स्कूटरचं सव्वा-दीड लिटर पेट्रोल, दीडशे रुपयांच्या आसपास. कारनं गेलात तर तोटा याहून मोठा.

शंभरऐवजी एकशे दहाचं टाका म्हणजे मारता येत नाही, हेही खुळ. मशीनला शंभर काय आणि एकशे दहा काय. सकाळी गारव्यात भरलं की जास्त मिळतं म्हणतात, तर टाकी जमिनीखाली असते. वर 44 डिग्री असलं तरी खाली फारसा फरक पडत नाही.

शहरात सरकारी कंपन्यांच्या पंपांवर फरक पैशांचाच, माल पाकणीच्या डेपोतूनच येतो. त्या पैशांसाठी सात रस्त्यावरून जुळे सोलापूर गाठू नका. रोज सकाळी सहाला दर बदलू शकतात, मोबाईलवर बघून घ्या. खरी बचत हवेत आहे. पंपावर ती फुकट असते, टायर गार असताना भरून घ्या. आपल्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो, तो साफ करा. गाडी पन्नासच्या आत चालवा, सिग्नलला बंद करा. हल्ली मायलेज थोडं घटलंय म्हणून पंपवाल्याला शिव्या देऊ नका, पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. एवढ्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकदच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी.

हां, कामानं विजापूरला जाणारच असाल तर येताना तिकडं भरा, त्यात गैर काही नाही. आणि चोर पंप नसतातच असं मी म्हणत नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात मशीनमध्ये चिप बसवलेले पंप पकडले, आपल्या ठाणे पोलिसांनीही धाडी टाकल्या. म्हणून शंका आली तर दाजींसारखं ओरडू नका, पाच लिटरचं माप मागा. तो तुमचा हक्क आहे. देत नसतील तर वैधमापनशास्त्र विभागाकडे लेखी तक्रार करा, बिल जोडून.