चिलटाच्या डोक्यातलं वायरिंग कोण करतं?

प्रश्न: नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, डाळिंबाची बाग सांगोल्याकडं आहे. पोरगी एमएस्सी झूलॉजीला आहे, सध्या तिनं बाटल्यांमध्ये चिलटं पाळलीयत, फळमाशी म्हणते त्याला. बागेत फळमाशी मरावी म्हणून मी सापळे लावतो आणि ही घरात पाळते, बायको पार वैतागलीय. विचारलं तर म्हणते पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, ते मेंदूचं वायरिंग ठरवतात. एवढ्याशा किड्याच्या डोक्यात कुठली वायर कुठं जोडायची हे त्या रिसेप्टरला कसं कळतं? आणि माणसाला त्याचा उपयोग काय?
– एक पालक, सोलापूर

उत्तर: पहिलं वहिनींना सांगा, चांगल्या डाळिंबाला डंख मारून आत अंडी घालते ती माशी वेगळ्या कुळातली. पोरीच्या बाटलीतली ड्रोसोफिला, ती पिकून आंबलेल्या फळावर घोंघावते. बागेला तिचा त्रास नाही, सापळे चालू ठेवा.

आता मेंदूचं. या माशीच्या मेंदूत साधारण १ लाख ४० हजार न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, आणि त्यांच्यात ५ कोटींच्या वर जोड, हा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि जीन्स, म्हणजे प्रोटीन बनवायच्या सूचना, किती तर १४ हजारच्या आसपास. म्हणजे एका जोडाला एक जीन असा हिशोब बसतच नाही. मग होतं असं की न्यूरॉनमधून जी लांब तार निघते, अ‍ॅक्सॉन, तिचं टोक पसरट असतं आणि त्यातून बारीक धागे सारखे पुढं-मागं चाचपत असतात, रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारी प्रोटीनं, तिथंच बसलेले. वाटेतल्या पेशी काही प्रोटीन बाहेर सोडतात, काही आपल्या अंगावरच लावून बसतात. ते रिसेप्टरला चिकटलं की आत निरोप जातो, पुढं सरक नाहीतर माघारी फिर. शेवटचा पत्ता रिसेप्टरला माहीतच नसतो हो, समोर आत्ता काय लागलं तेवढंच त्याला कळतं.

एक उदाहरण जरा नीट सांगतो कारण सगळी मेख त्यातच आहे. माशीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूनं जी नर्व्ह कॉर्ड, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, असते तिच्या बरोबर मधल्या रेषेवरच्या पेशी दोन गोष्टी सोडतात, नेट्रिन आणि स्लिट. नेट्रिन अ‍ॅक्सॉनला जवळ ओढतं, स्लिट लांब ढकलतं. स्लिटचा रिसेप्टर म्हणजे रोबो. रोबोचं जीन १९९३ मध्ये कोरी गुडमन यांच्या बर्कलीच्या लॅबमधून पुढं आलं. रोबो बिघडलेल्या माशीत अ‍ॅक्सॉन मधली रेषा ओलांडतात, परत येतात, परत ओलांडतात, एखादा पाव्हणा सात रस्त्याला फाटा न सापडता गोल गोल फिरत बसावा तसं, म्हणून नावच राउंडअबाउट, त्याचं रोबो. पण मग ज्या अ‍ॅक्सॉनला एकदा पलीकडं जायचंच आहे त्यांचं काय? त्यांच्यात कॉम नावाचं प्रोटीन असतं, ते तयार झालेला रोबो बाहेर पृष्ठभागावर येऊच देत नाही, आतल्या आत मोडीत काढायला पाठवतं. अंगावर रोबो नाही म्हणजे स्लिट समोर असूनही त्याचं काही चालत नाही, तार पलीकडं जाते. गेली की कॉम बंद, रोबो भराभर बाहेर, आता परतीची वाट बंद. कॉमच नसलेल्या माशीत कुणीच ओलांडत नाही, उलटा घोळ. स्लिट तिथंच होतं, तेवढंच होतं, बदललं ते तारेच्या अंगावरचं. म्हणून पोरीचं म्हणणं बरोबरय, पण मी थोडं ताणून म्हणेन की खरा कारभार कुठला रिसेप्टर कधी बाहेर काढायचा हे ठरवणाऱ्यांकडं आहे, आणि त्या बाजूचं बोलणं लोक जरा कमीच करतात.

दुसरी गंमत डीस्कॅम१. एकच जीन, पण त्याचे तुकडे वेगवेगळे जुळवून ३८,०१६ प्रकारचे प्रोटीन निघू शकतात (१२ गुणिले ४८ गुणिले ३३ गुणिले २, करून बघा). हे २००० साली कळलं. प्रत्येक न्यूरॉन त्यातले थोडेच प्रकार अंगावर लावतो. सारखेच प्रकार समोरासमोर आले की एकमेकांना धरतात आणि धरल्यावर लगेच लांब सरकतात. त्यामुळं एकाच न्यूरॉनच्या फांद्या एकमेकींत गुंतत नाहीत, पसरतात, आणि दुसऱ्या न्यूरॉनच्या फांदीवर भलते प्रकार असल्यानं तिच्याशी जोडायला आडकाठी नाही.

माणसाचं विचारलंत. आपल्यातही रोबोची भावंडं आहेत. रोबो३ बिघडला की जन्मापासून डोळे डावी-उजवीकडं वळत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो, २००४ मध्ये याचं जीन सापडलं, आणि या लोकांच्या मेंदूत ज्या तारा मध्यरेषा ओलांडायला हव्यात त्या ओलांडतच नाहीत. कॉम मात्र आपल्यात नाही, आपल्याकडं ते काम दुसऱ्या पद्धतीनं होतं, त्यामुळं माशीतलं जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही हेही खरं.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मार्चनंतर फळमाशांची पैदासच बंद होते. फूड बदललं तरी तेच. काय चुकतंय?
– बीएस्सीचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: फूड नव्हे, ऊन. या माशीला २५ अंश सेल्सिअस मानवतं, तिथं अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. ३० च्या आसपास गेलं की नरांची प्रजननक्षमताच जाते, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, मग अंडी घातली तरी फुटणार कुठनं. इन्क्युबेटर असेल तर उत्तम, नसेल तर एसी खोलीत ठेवा आणि बाटलीशेजारी थर्मामीटर ठेवून रोज दुपारी बघा. रात्री एसी बंद करून जाताय का तेही बघा, सोलापूरच्या बंद खोल्या रात्री बारालासुद्धा गार होत नाहीत.