अमेरिका आणि युरोप जुने मित्र असूनही कोविडच्या काळात एकमेकांशी असे का वागले?

आपला प्रश्न असा आहे की, संरक्षणापासून व्यापारापर्यंत इतकी वर्षे एकत्र असलेले अमेरिका आणि युरोप कोविडच्या महासाथीत एकमेकांना न विचारता निर्णय का घेत राहिले, आणि पुढच्या साथीत ते वेगळे वागतील का. मी पुण्याजवळच्या एका लसनिर्मिती प्रकल्पाच्या खरेदी विभागात काम करतो. हा प्रश्न 2021 मध्ये माझ्या टेबलावर आला तो अडकून पडलेल्या मालाच्या रूपाने, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

आधी घटनाक्रम थोडक्यात पाहू. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि त्याच रात्री ट्रम्प यांनी शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांतून, येणाऱ्या प्रवाशांवर बंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन आणि युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष शार्ल मिशेल यांनी, हा निर्णय एकतर्फी आणि सल्लामसलतीशिवाय घेतल्याबद्दल, उघड नापसंती नोंदवली. 25 मार्चला जी-7 गटाच्या परराष्ट्रमंत्र्यांना संयुक्त निवेदनही काढता आले नाही, कारण त्यात ‘वुहान विषाणू’ हा शब्द असावा असा अमेरिकेचा आग्रह होता. 4 मे रोजी युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने लस आणि उपचारांसाठी 7.4 अब्ज युरोंची आश्वासने गोळा झाली, त्या बैठकीत अमेरिका सहभागी झाली नाही. मात्र युरोपलाही निर्दोष मानता येणार नाही. जर्मनीने मार्चच्या पहिल्या आठवड्यातच मास्क आणि संरक्षक साहित्याची निर्यात थांबवली होती, आणि इटलीने युरोपीय संघाच्या आपत्ती यंत्रणेमार्फत मास्क मागितले तेव्हा सुरुवातीला एकाही सदस्य देशाने हात पुढे केला नाही.

या सगळ्याचे खापर अनेक जण ट्रम्प यांच्या स्वभावावर फोडतात. मला ते कारण अपुरे वाटते. जानेवारी 2021 मध्ये बायडेन आले, अमेरिका आरोग्य संघटनेत टिकून राहिली, सर्व देशांना लस पोहोचवण्याच्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेतही सामील झाली, आणि तरीही आमचा माल हलला नाही.

माल म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे. लस बनवण्याच्या टाक्या पूर्वी पोलादी असत आणि प्रत्येक बॅचनंतर धुऊन निर्जंतुक कराव्या लागत. आता बऱ्याच ठिकाणी पोलादी सांगाड्यात प्लास्टिकची एक मोठी बॅग बसवतात. ती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून सीलबंद येते, आतल्या द्रवात पेशी वाढतात आणि बॅच संपली की बॅग फेकून देतात. दोन हजार लिटरची अशी बॅग घडी करून खोक्यात आली की तंबूच्या कापडासारखी दिसते. तिला जोडलेल्या नळ्या, तिची तोंडे, पुढचे फिल्टर हे सारे त्या प्रक्रियेसाठी मंजूर झालेले असते, त्यामुळे एका कंपनीची बॅग मिळाली नाही म्हणून दुसरीची उचलून लावता येत नाही. बदल करायचा तर चाचण्या आणि कागदपत्रे पुन्हा करावी लागतात. या बॅगा आणि फिल्टर बनवणाऱ्या मोजक्याच मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांचे बहुतेक कारखाने अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात आहेत.

अमेरिकेत 1950 चा, कोरियन युद्धाच्या वेळचा, संरक्षण उत्पादन कायदा आहे. सरकारने एखाद्या मागणीला त्याखाली प्राधान्य दिले की कारखान्याला आधी ती पुरी करावी लागते, मग बाकीच्यांची पाळी. यात ‘निर्यातबंदी’ हा शब्द कुठेही येत नाही. म्हणूनच वॉशिंग्टनचे अधिकारी ‘आम्ही बंदी घातलेली नाही’ असे म्हणत होते, ते कागदावर खरेच होते. आमच्या पुरवठादाराकडून मात्र दर पंधरवड्याला एक नम्र ईमेल यायचा की आपली ऑर्डर पुढे ढकलली आहे. एका खेपेची तारीख चार वेळा बदलल्यावर मी ती तक्त्यात पेन्सिलने लिहू लागलो. 16 एप्रिल 2021 रोजी सीरमच्या अदर पूनावाला यांनी थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून ट्वीट करून कच्च्या मालावरची अडवणूक उठवण्याची विनंती केली, तेव्हा आमच्या विभागात कुणालाच नवल वाटले नाही. देशात रोजचे रुग्ण तीन लाखांच्या पुढे गेल्यावर, 25 एप्रिलला, अमेरिकेने कोव्हिशील्डसाठीचा कच्चा माल देण्याचे जाहीर केले.

मित्रदेशांनाही ही रांग चुकली नाही. फायझरचा एक मोठा कारखाना मिशिगनमध्ये आहे आणि मिशिगन कॅनडाला अगदी खेटून आहे. तरीही 2021 च्या सुरुवातीच्या महिन्यांत कॅनडाला त्या लशीच्या मात्रा महासागर ओलांडून बेल्जियममधल्या पुर्स येथून मिळत होत्या. युरोपने 30 जानेवारी 2021 पासून लस निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्या घाईत ब्रेक्झिट करारातले, आयर्लंडच्या सीमेसंबंधीचे आणीबाणीचे कलम वापरण्याची घोषणा झाली आणि ती काही तासांतच मागे घ्यावी लागली. मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेल्या अडीच लाख मात्रा अडवल्या. तरी त्याच काळात युरोपातून लशी मोठ्या प्रमाणावर बाहेर जात राहिल्या, याचे श्रेय युरोपला द्यायला हवे. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच वसंतात आपण, म्हणजे भारतानेही, लशींची निर्यात थांबवली, आणि कोव्हॅक्सवर विसंबलेल्या आफ्रिकी देशांना त्याची झळ महिनोन्महिने सोसावी लागली.

सहकार्य जिथे टिकले तिथे ते भाषणांमुळे टिकले नव्हते. माइन्झच्या बायोएनटेकने आणि न्यूयॉर्कच्या फायझरने सरकारे भांडत असताना, मार्च 2020 मध्येच, करार केला. पुढे फायझरने सांगितले की त्यांच्या लशीला 19 देशांतून येणारे 280 घटक लागतात. एवढे धागे गुंतल्यावर कुणालाही दुसऱ्याचा पुरवठा पूर्ण तोडणे परवडणारे नव्हते, कारण समोरच्याने उलट तेच केले असते. दोन्ही बाजूंनी संयुक्त कार्यगट नेमून अडलेले घटक शोधायला सुरुवात केली ती 2021 मध्ये. तो कार्यगट मार्च 2020 मध्ये असता तर किती तरी महिने वाचले असते, असे मला मनापासून वाटते. पेटंटच्या वादात तर भूमिकाच उलटल्या. कोविडच्या लशी आणि औषधांवरचे पेटंट हक्क तात्पुरते स्थगित करावेत, या भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्रस्तावाला मे 2021 मध्ये लशींपुरता अमेरिकेने पाठिंबा दिला आणि जर्मनी विरोधात राहिला. जून 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत जी तडजोड झाली ती फारच तोकडी होती.

पुढच्या साथीबद्दल विचाराल तर मला आज फारशी आशा वाटत नाही. 20 मे 2025 रोजी जिनिव्हात महासाथ करार मंजूर झाला, युरोपने त्यासाठी कष्ट घेतले, परंतु अमेरिकेने त्याआधीच, जानेवारीत, आरोग्य संघटना सोडण्याचा आदेश काढला होता. साथीच्या वेळी उत्पादक कंपन्यांनी 20 टक्क्यांपर्यंत लशी, औषधे आणि चाचण्या आरोग्य संघटनेकडे द्याव्यात, अशी कल्पना करारात आहे. तिचे तपशील मात्र वेगळ्या परिशिष्टावर सोडले गेले. शिवाय ते प्रमाण तयार मालाचे आहे. ज्या देशात बॅगा आणि फिल्टर बनतात, तिथल्या सरकारने प्राधान्याचा शिक्का मारला की बाकीच्यांनी कोणत्या क्रमाने थांबायचे, हे आजही कुणी ठरवलेले नाही.

म्हणून प्रत्येक कारखाना आपापली सोय पाहतो. आमच्या गोदामात पूर्वी तीन महिन्यांच्या बॅगा असत, आता नऊ महिन्यांच्या असतात. निर्जंतुकीकरणाची मुदत संपली की त्यांतल्या काही न वापरताच टाकून द्याव्या लागतात, आणि त्या बदलण्यासाठी मी पुन्हा त्याच दोन पुरवठादारांकडे ऑर्डर पाठवतो.